उसन्या डोळ्यांनी पाहिलेला चीन

चीन हा आपला शेजारी असला तरी मराठी वाचकाचा त्याच्याशी प्रत्यक्ष परिचय फार थोडा. आपल्या पिढीच्या मनात त्या देशाची दोन चित्रे शेजारी-शेजारी टांगलेली आहेत. एक चित्र सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. दुसरे चित्र १९६२ च्या युद्धाचे. त्यानंतरच्या साठ वर्षांत चीनविषयी आपल्या मनात जे साठत गेले, ते बव्हंशी लंडन, न्यूयॉर्क आणि पॅरिस येथील वृत्तसंस्थांच्या द्वारे आले. २०२३ च्या आरंभी त्या प्रचंड देशात भारतीय वार्ताहर होते अवघे चार; आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी परस्परांच्या वार्ताहरांना व्हिसा नाकारण्याचा सपाटा लावला. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात काय चालले आहे, हे आपण सात समुद्रांपलीकडच्या माणसाला विचारून जाणून घेतो. डोळे उसने घ्यावे लागले तर त्यात लाज नाही. पण ते उसने आहेत याचा विसर पडू नये.

परदेशी प्रसारमाध्यमे आमच्याविषयी, विशेषतः आमच्या समाजाविषयी आणि प्रदूषणाविषयी, पूर्वग्रहाने लिहितात ही चिनी शासनाची जुनी तक्रार आहे. पुष्कळ सामान्य चिनी नागरिकांचीही ती आहे. या तक्रारीची दोन सोपी उत्तरे नेहमी तयार असतात. एक म्हणते, हुकूमशाहीला सत्य बोचते, म्हणून हा कांगावा. दुसरे म्हणते, पाश्चात्त्यांना आशियाचा उत्कर्ष सहन होत नाही. या दोन्ही उत्तरांनी विचार करण्याचे कष्ट तेवढे वाचतात. कविता किंवा कादंबरी वाचताना आपण शब्द, प्रतिमा आणि मौन या तिन्हींकडे पाहतो. बातमीही संहिताच असते. तिला हीच कसोटी लावून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक प्रतिमा घेऊ. जानेवारी २०१४ मध्ये एक छायाचित्र जगभर गाजले. बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात दाट धुरके पसरले आहे आणि त्यातून एका अवाढव्य पडद्यावर तांबडा-केशरी सूर्य उगवताना दिसतो आहे. खालची ओळ सांगत होती की, खरा सूर्य दिसेनासा झाल्यामुळे बीजिंगकर आता पडद्यावरचा सूर्योदय पाहायला जमतात. ब्रिटनच्या 'डेली मेल'ने ही कथा छापली. 'टाइम' आणि 'सीबीएस' यांच्यासारख्या नामांकित संस्थांनीही ती पुढे नेली. वस्तुस्थिती अशी होती की, तो पडदा रोजच जाहिराती दाखवीत असे, हवा स्वच्छ असो वा मलिन. सूर्य हा शान्तुंग प्रांताच्या पर्यटनाच्या जाहिरातीतील काही क्षणांचा तुकडा होता. त्या प्रांताच्या पर्यटन विभागाचे बोधचिन्हही पडद्याच्या कोपऱ्यात होते. 'टेक इन एशिया' या संकेतस्थळाने हे उघड केले. तोवर कथेने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती.

आता प्रश्न असा की, अनुभवी संपादकांनी ही गोष्ट खरी कशी मानली? याचे कारण, तिची भूमी आधीच नांगरून ठेवलेली होती. बरोबर एक वर्षापूर्वी, १२ जानेवारी २०१३ रोजी, बीजिंगच्या अमेरिकी दूतावासातील यंत्राने हवेचा निर्देशांक ७५५ दाखवला होता. त्या मापनपट्टीची कमाल मर्यादाच मुळी ५०० होती. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण त्या दिवशी दर घनमीटरला ८८६ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले होते. धुरके खरे होते, माणसांचा जीव घुसमटत होता हेही खरे होते. खोटी बातमी अशा खऱ्या जमिनीतच रुजते. पण या कथेत घुसमटीपेक्षा वेगळे काही सुचवलेले होते. पडद्यावरचा सूर्य पाहून समाधान मानणारी, सांगितले तेवढेच पाहणारी भाबडी प्रजा, असे चिनी माणसाचे चित्र त्यात होते. हवेविषयीची बातमी अशी नकळत स्वभावाविषयीची बातमी झाली. पूर्वग्रह असतो तो येथे. आकडा खरा असतो, पण आकड्याच्या पाठीवर बसून एक न तपासलेले मत गावात शिरते.

दुसरा नमुना मथळ्याचा. त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पेकिंग विद्यापीठाचे लिन जिन्ताय हे त्याचे प्रमुख लेखक होते आणि त्यांच्याबरोबर अमेरिकी व ब्रिटिश संशोधकही होते. चीनचे प्रदूषण वाऱ्याबरोबर प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचते, हा त्यातील एक निष्कर्ष. पण निबंधाचा मूळ प्रश्न निराळा होता: हे प्रदूषण कोणासाठी निर्माण होते? २००६ साली चीनमधील मानवनिर्मित सल्फर डाय-ऑक्साइडचा ३६ टक्के आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा २७ टक्के भाग निर्यातीसाठी होणाऱ्या उत्पादनातून आला होता, असे त्यांनी दाखवले. या निर्यातजन्य प्रदूषणाचा सुमारे एकपंचमांश अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा होता. कारखाने चीनकडे गेल्यामुळे अमेरिकेच्या पूर्व भागातील हवा उलट सुधारली, असेही त्यात नमूद होते. मथळ्यांनी यातला पहिला निष्कर्ष उचलला: चीनचा धूर अमेरिकेत. माल कोणी मागवला हे बातमीच्या खालच्या परिच्छेदांत गेले. मथळ्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण यजमानाने स्वयंपाक सांगावा आणि मग आचाऱ्याच्या चुलीच्या धुराविषयी तक्रार करावी, तसा हा प्रकार झाला.

तिसरा नमुना रूपकाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये, करोनाची साथ वूहानमध्ये शिगेला पोहोचली असताना, 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने एका मतलेखाला चीन हाच आशियाचा खरा रोगी, अशा अर्थाचा मथळा दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी दुबळ्या, लुबाडल्या गेलेल्या चीनला हिणवण्यासाठी वापरला गेलेला हा वाक्प्रचार. चिनी माणसाच्या कानाला तो कसा लागतो, हे त्या देशाचा इतिहास जाणणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. माणसे मरत असताना हा शब्द निवडणे हा भाषेचा अपराधच होता. पण पुढे काय झाले? चिनी शासनाने त्या वृत्तपत्राच्या तीन वार्ताहरांना देशाबाहेर काढले. त्या तिघांचा लेखाशी वा मथळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्यानंतर, चिनी सरकारी माध्यमांच्या अमेरिकेतील कर्मचाऱ्यांवर त्या देशाने मर्यादा घालताच, मार्चमध्ये आणखी अमेरिकी पत्रकारांची हकालपट्टी झाली. प्रत्यक्ष फिरून, चिनी भाषेत बोलून लिहिणारी माणसे अशी गेली आणि दूर बसून मथळे देणारे जागच्या जागी राहिले. पूर्वग्रहाचा निषेध म्हणून उचललेल्या पावलाने पूर्वग्रहाचीच सोय केली.

समाजजीवनाविषयीच्या लेखनात हाच दोष अधिक गंभीर रूप घेतो. चिनी शासनाने २०१४ मध्ये 'सामाजिक पत'व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. २०२० पर्यंत प्रत्येक चिनी नागरिकाला एकच राष्ट्रीय गुणांक मिळणार आणि त्यावर त्याचे सारे आयुष्य ठरणार, असे पाश्चात्त्य माध्यमांत वर्षानुवर्षे लिहिले गेले. २०२० आले आणि गेले. असा एकच राष्ट्रीय गुणांक अस्तित्वात आला नाही. न्यायालयाचा हुकूम न पाळणाऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाची काळी यादी, शान्तुंगमधील रोंगचंगसारख्या काही शहरांचे स्थानिक प्रयोग आणि एका खासगी कंपनीची ग्राहकांसाठीची ऐच्छिक गुणपद्धती, या तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवून ती भयकथा तयार झाली होती. यात नुकसान कोणाचे झाले? लिऊ हू नावाच्या शोधपत्रकाराचे नाव त्या काळ्या यादीत आले आणि त्याला विमानाचे व जलद रेल्वेचे तिकीट मिळेना. हा अन्याय प्रत्यक्ष घडलेला होता. कल्पित राक्षस इतका मोठा रंगवला की त्याच्या सावलीत खरा पीडित दिसेनासा झाला.

मौनाकडे वळू. वृत्तपत्राला संकट दिसते, कारण ते एका दिवसात येते. सुधारणा दिसत नाही, कारण ती दहा वर्षांत होते. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनने हवाशुद्धीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मार्च २०१४ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी प्रदूषणाविरुद्ध युद्ध पुकारल्याचे सांगितले. बीजिंगच्या हवेतील पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये दर घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. ती २०१७ मध्ये ५८ वर आणि २०२२ मध्ये ३० वर आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेल्या ५ या मर्यादेच्या हे प्रमाण अजून सहापट आहे, हे विसरता कामा नये. तरीही नऊ वर्षांत दोनतृतीयांश घट ही लहान गोष्ट नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरके उतरले. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचे तेव्हा मानले गेले. २००४ च्या एका अभ्यासाने हा आकडा बारा हजारांच्या घरात नेला. त्या वेळी शासनाने बऱ्याच मृत्यूंचे खापर इन्फ्लुएन्झावर फोडले होते. स्वच्छ हवेचा कायदा व्हायला १९५६ उजाडले आणि डिसेंबर १९६२ मध्ये त्याच शहरावर पुन्हा प्राणघातक धुरके आले. लंडनचे धुरके ही उद्योगयुगातील एक चूक म्हणून इतिहासात नोंदली जाते. बीजिंगचे धुरके मात्र चिनी राज्यव्यवस्थेचे लक्षण म्हणून वर्तमानात टांगून ठेवले जाते. एकाला काळ दिला जातो, दुसऱ्याला दिला जात नाही. पाश्चात्त्य पत्रांनी सुधारणेची दखल मुळीच घेतली नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. काहींनी ती चांगली घेतली. पण वाचकाच्या मनात आज बीजिंग म्हटले की २०१३ चेच चित्र उभे राहते.

येथवर वाचून चिनी शासनाचा प्रवक्ता प्रसन्न होईल. त्याला येथेच थांबवणे आवश्यक आहे. बीजिंगच्या हवेत पीएम २.५ किती, हे तेथील नागरिकाला तासातासाला प्रथम कोणी सांगितले? अमेरिकी दूतावासाने २००८ मध्ये आपल्या आवारात बसवलेल्या यंत्राने. सरकारी भाषेत तेव्हा धुरक्याला सर्रास 'धुके' म्हटले जाई आणि 'निळ्या आकाशाचे दिवस' मोजून यश जाहीर होई. वाहतुकीच्या भागातील मापनकेंद्रे गणनेतून वगळून स्वच्छ भागातील केंद्रे घेतल्यामुळे हे दिवस वाढलेले दिसतात, हे २००८ मध्येच स्टीव्हन अँड्र्यूज या अमेरिकी अभ्यासकाने दाखवून दिले. जून २०१२ मध्ये चीनच्या पर्यावरण खात्याच्या उपमंत्र्यांनी परदेशी दूतावासांनी असे आकडे प्रसिद्ध करणे थांबवावे, असे जाहीरपणे सांगितले. डिसेंबर २०१३ मध्ये तर सरकारी दूरचित्रवाणीच्या संकेतस्थळाने धुरक्याचे पाच फायदे सांगितले. त्यामुळे लोकांत ऐक्य आणि समता येते, विनोदबुद्धी वाढते वगैरे! त्याची टर उडवण्यात चिनी नागरिकच आघाडीवर होते आणि तो मजकूर काढून टाकावा लागला. पडद्यावरच्या सूर्योदयाला भुलणारी भाबडी प्रजा ती हीच काय?

या नागरिकांचा आवाज हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, असे मला वाटते. मा जुन या पत्रकाराने १९९९ मध्ये चीनच्या जलसंकटावर ग्रंथ लिहिला. २००६ मध्ये संस्था काढून सरकारी नोंदींच्याच आधारे कोणता कारखाना कोठे घाण सोडतो याचे नकाशे लोकांपुढे ठेवले. पुढे अ‍ॅपलसारख्या परदेशी कंपन्यांनाही त्यांच्या पुरवठादारांचा जाब विचारला. चाय जिंग या माजी दूरचित्रवाणी पत्रकार महिलेचा 'घुमटाखाली' हा धुरक्यावरचा माहितीपट २८ फेब्रुवारी २०१५ रोजी आला आणि काही दिवसांतच दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. पर्यावरणमंत्र्यांनी त्याची प्रशंसा केली. आठवडाभरात तो चिनी संकेतस्थळांवरून नाहीसा झाला. डिसेंबर २०१७ मध्ये हपे प्रांतात कोळशाच्या शेगड्या काढल्या, पण गॅस वा विजेची सोय वेळेवर झाली नाही. तेव्हा छ्यूयांग तालुक्यातील शाळकरी मुले थंड वर्गांऐवजी बाहेर उन्हात बसून शिकत आहेत, ही बातमी 'चायना यूथ डेली' या चिनी पत्रानेच दिली. स्वच्छ हवेची किंमत कोणी मोजली, हे त्या उन्हात बसलेल्या मुलांनी सांगितले. यशाच्या सरकारी आकड्यात ती मुले नव्हती आणि परदेशी पत्रांच्या धूसर क्षितिजांच्या छायाचित्रांतही फारशी नव्हती. चिनी शासन या लोकांना गप्प बसवते. परदेशी माध्यम त्यांना बहुधा पीडित म्हणून दाखवते, जाणता म्हणून क्वचितच. दोघांच्या कथेत चिनी माणूस मुकाच राहतो.

हा सारा खटाटोप आपल्याशी कसा निगडित आहे, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलेच असेल. १९२७ साली कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाने आपल्या देशात संतापाची लाट उसळली. गांधीजींनी त्यावरील लेखाला गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल असे शीर्षक दिले. पण भारतीयांनी ते वाचून आपल्यापुरता बोध घ्यावा असेही सुचवले. या दोन वाक्यांचा तोल आपल्याला पुढे राखता आला नाही. लुई माल यांच्या भारतावरील माहितीपटामुळे १९७० मध्ये आपल्या सरकारने बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद केले. चिनी शासनाच्या निमंत्रणावरून गेलेल्या आन्तोनिओनी यांनी काढलेल्या १९७२ च्या माहितीपटावर १९७४ मध्ये चिनी पक्षपत्राने झोड उठवली. बीजिंगमध्ये तो दाखवला गेला २००४ मध्ये. दुखणे दोन्ही घरी एकच आहे.

आणि आपले ग्वाल्हेर? मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पीएम २.५ च्या १७६ या वार्षिक प्रमाणाने आपले शहर जगात दुसऱ्या क्रमांकावर आले. वर फक्त इराणमधील झाबोल होते. तेव्हा आपल्या बैठकांत जी वाक्ये ऐकू आली, ती आठवून पाहावीत: यंत्र कोठे लावले होते, आकडे किती जुने आहेत, परदेशी लोकांना आपलीच शहरे कशी दिसतात. यांतील पहिले दोन प्रश्न रास्त होते. पण ते विचारून झाल्यावर श्वास कोणत्या हवेत घ्यायचा हा तिसरा प्रश्न उरतोच. राज्यशासनाच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे एवढे सांगू शकतो की, बाहेरून एखादा अप्रिय आकडा आला की कचेरीत पहिली चौकशी त्याच्या खरेपणाची होत नाही. तो बाहेर गेला कसा याची होते. ही सवय केवळ चिनी नाही.

आकड्यालाही भाषा असते, याचे एक उदाहरण देतो. हवेत पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीने ७० मायक्रोग्रॅम आहे असे समजा. चीनच्या २०१२ च्या पद्धतीनुसार ही हवा 'चांगली' या वर्गात पडते. भारताच्या २०१४ च्या पद्धतीनुसार 'मध्यम'. अमेरिकी पद्धतीनुसार 'आरोग्यास अपायकारक'. हवा तीच, फुप्फुसे तीच, विशेषणे तीन. बातमीत विशेषण आले तर ते कोणाच्या पट्टीवरचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी आपल्या भाषेविषयी. मराठी मथळ्यांत चीन बहुधा 'ड्रॅगन' असतो: त्याचा विळखा पडतो, तो फूत्कार टाकतो, त्याच्या शेपटीवर पाय पडतो. चिनी परंपरेतील हा प्राणी मात्र पाण्याचा आणि पावसाचा देव, मंगलाचे चिन्ह आहे. आग ओकणारा राक्षस तो युरोपच्या कथांतला. म्हणजे शेजाऱ्याला शिवी द्यायलाही आपण उसनाच शब्द आणला. सीमेवर चीनशी आपले वैर आहे, ते लपवण्याचे कारण नाही. गलवानमध्ये २०२० साली आपले वीस जवान गेले. पण वैऱ्याविषयीची माहिती तरी अचूक हवी, हा व्यवहार शिवकाळापासून मराठी माणसाला ठाऊक आहे. बहिर्जी नाईकांकडून महाराजांना निंदा नको होती, खबर हवी होती.

तेव्हा चीनविषयीची बातमी हाती आली की तिला चार प्रश्न विचारावेत. आकडा कोणाचा आणि कोणत्या पट्टीवरचा? काल काय होते आणि आज काय आहे? धूर कोणाच्या मालासाठी निघतो? आणि जिथला धूर आहे तिथला माणूस या बातमीत बोलतो काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ती बातमी लंडनची असो वा बीजिंगची, अपुरी समजावी. आणि उद्या आपल्या शहराविषयी कोणी परका लिहील, तेव्हाही हेच चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत.